कोऱ्या पिस्तुलाची किंमत

रायभानरावांच्या पिस्तुलाची किंमत आमच्या गावात दर दोन-चार वर्षांनी वाढत असे. त्यांच्या वडिलांच्या काळात ती एक बैलजोडी होती. कारभार रायभानरावांकडे आला तेव्हा दोन झाल्या. लढाईत कापूस महागला, तशी ती वीस एकर काळ्या जमिनीपर्यंत गेली, विहिरीसकट. गिऱ्हाईक कधी आलंच नाही, त्यामुळे किंमत वाढायला कसलीच अडचण नव्हती.

पिस्तूल मात्र खरं होतं. परभणीकडची रेल्वे लाईन पडत होती तेव्हा एका गोऱ्या साहेबाची दमणी गाडी दुधना नदीच्या गाळात रुतली. रायभानरावांच्या वडिलांनी स्वतःचे बैल लावून ती ओढून काढली. साहेबानं खूष होऊन कमरेचं पिस्तूल आणि सहा काडतुसं त्यांच्या हातावर ठेवली. त्यातलं एक विहिरीत पडलं. दोन काडतुसं व्याह्यांनी बघायला म्हणून नेली आणि अजून बघतायत. एक उंदरानं नेलं असं सांगतात. एकाचं काय झालं ते घरात कुणी बोलत नाही. राहिलं एक. त्याला तांब्याची तार गुंडाळून रायभानरावांनी ते पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात बांधायला सुरुवात केली. कुठल्याही बैलाच्या नव्हे, मानाच्या बैलाच्या.

मान काय ते सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते सगळं त्याच्यामुळं घडलं. आमचं गाव वालूरपासून कोसभर आत आहे. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून ज्याची जोडी पहिली जाते, तो वर्षभर गावात पहिला. बैठकीत पहिलं पान त्याला, लग्नात पहिला टिळा त्याला आणि भांडणात शेवटचा शब्द त्याचा. हा मान पिढ्यान्‌पिढ्या चंद्रभानरावांच्या घरात होता. मग पोलीस ॲक्शनच्या दहा वर्षं आधी शिवारात बिबट्या आला. दोन महिन्यांत त्यानं अकरा वासरं आणि चंद्रभानरावांचं घोडं नेलं. गाव मारुतीच्या पारावर बसलं आणि ठरलं, की बिबट्या जो मारील त्याची जोडी तोरणाखालून पहिली जाईल. घोड्याच्या दुःखात चंद्रभानरावही हो म्हणाले.

आठव्या दिवशी पहाटे बिबट्या रायभानरावांच्या पडीक रानात मरून पडलेला सापडला. शेजारी रायभानराव उभे, हातात पिस्तूल. दुसऱ्या बाजूला येडबा धनगर, हातात काठी. येडब्याची मेंढरं त्याच रानात खतासाठी बसवलेली होती. बिबट्याच्या अंगावर गोळीचं भोक दिसेना, कवटी तेवढी चेचलेली होती. त्याचा खुलासा रायभानरावांनी जागेवरच केला. गोळी तोंडातून आत गेली, त्यामुळं बाहेर खूण नाही. येडब्याला विचारलं तर तो म्हणाला, "व्हय मालक." बारा वर्षं तो तेवढंच म्हणत होता, आणि बारा वर्षं त्याची मेंढरं रायभानरावांच्या रानात इतरांपेक्षा दोन महिने जास्त बसत होती.

निजामाचं संस्थान भारतात आलं तेव्हा हत्यारं जमा करण्याची दवंडी झाली. लोकांनी तलवारी, भाले, ठासणीच्या बंदुका नेऊन दिल्या. रायभानरावांनी एक कुऱ्हाड नेऊन दिली आणि पावती घेतली. पिस्तूल ज्वारीच्या कणगीत गेलं. वर्षातून एकदा, पोळ्याला, नुसतं काडतूस बाहेर यायचं.

याला दोन वर्षं झाली आणि पोळा पंधरा दिवसांवर असताना एका सकाळी चावडीसमोर जीप थांबली. वऱ्हाडाकडून बदलून आलेला एक फौजदार उतरला, दोन शिपाई उतरले आणि मागून, कमरेला हात लावत, परभणीचे बन्सीधर शिकलगार उतरले. बन्सीधरांची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती. फौजदाराच्या यादीत प्रत्येक हत्यारापुढं 'अंदाजे किंमत' असा रकाना होता आणि तो भरण्यासाठी म्हाताऱ्याला गावोगाव हिंडवत होते. तलवार दोन रुपये, भाला सहा आणे, ठासणीची आठ आणे. पाठीचा कणा खिळखिळा झाला होता आणि एकही चांगली वस्तू हाताला लागली नव्हती.

फौजदारानं रायभानरावांच्या दारात जाऊन सांगितलं, की तुमच्या घरात विनापरवाना रिव्हॉल्वर असल्याचा अर्ज आहे. रायभानरावांच्या पत्नी नर्मदाबाई उंबऱ्यात होत्या. घरात तसलं काही नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. फौजदार मान हलवून म्हणाला, की मलाही वाटलंच होतं, असल्या घरात कुठलं पिस्तूल. तो परत वळणार तोच आतून रायभानराव म्हणाले, "असल्या घरात म्हंजे कसल्या?"

पाच मिनिटांत पिस्तूल चावडीवर होतं, ज्वारीच्या दाण्यांसकट.

गाव जमलं. पंच म्हणून पाच जण बसवले, त्यात चंद्रभानराव सगळ्यांत पुढं. फौजदारानं नियम समजावून सांगितला. नियम साधा होता. हे चालत असेल, तर ते हत्यार आहे आणि दवंडीनंतर दोन वर्षं ते लपवणारा माणूस आज माझ्याबरोबर परभणीला येईल. सहा महिने तरी आत राहील. चालत नसेल, तर ते खेळणं आहे. खेळण्याची किंमत लिहीन आणि परत देऊन जाईन.

"बोला," तो म्हणाला, "चालतं का?"

रायभानरावांनी टोपी काढली, परत घातली. चालतं म्हणावं तर तुरुंग. चालत नाही म्हणावं तर बिबट्या गेला, आणि बिबट्याबरोबर तोरण गेलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला उत्तर शोधताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

"चालवनारावर हाय ते," ते म्हणाले.

फौजदारानं खिशातून अर्ज काढला आणि वाचायला घेतला. खाली सही नव्हती. गावात लिहिता येणारे चौघे, आणि 'सबब' हा शब्द दर ओळीत घालणारा एकच. सबब अर्जदार कळवितो, की सदर पिस्तूल उत्तम चालू स्थितीत असून सबब अत्यंत धोक्याचे आहे. सबब याच पिस्तुलाने सदर इसमाने एक मोठा बिबट्या एका गोळीत ठार केला, हे सर्व गावास माहीत आहे. त्याचे शेवटचे काडतूस तो बैलाच्या गळ्यात बांधतो.

वाचन चाललं होतं तसे चंद्रभानराव खाली खाली बघू लागले. बारा वर्षं जी गोष्ट त्यांनी तोंडानं कबूल केली नव्हती, ती सरकारी कागदावर त्यांच्याच शब्दांत मोठ्यानं वाचली जात होती. रायभानरावांना तुरुंगात घालायचं तर बिबट्या खरा धरावा लागत होता. मान परत मिळवायचा तर पिस्तूल खोटं ठरायला हवं होतं. लिहिताना त्यांच्या हे ध्यानात आलं नसावं. रागाच्या भरात अर्ज लिहिला की असं होतं.

त्यांनी तिथल्या तिथं बाजू बदलली. पुढं वाकून पिस्तूल पाहिलं आणि म्हणाले, की साहेब, अर्ज कुणी लिहिला देव जाणे, पण ही वस्तू मोडकी आहे. "घोड्याचं नाक बगा की. मधी न्हाई मारत, काठावर मारायलंय. असल्यानं चिमणी मरायची न्हाई."

ते खरंच तसं दिसत होतं. सगळ्यांनी माना वाकवून पाहिलं. घोड्याचं, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खटक्याचं, टोक मधोमध नव्हतं, वरच्या अंगाला होतं.

"आना बरं इकडं," बन्सीधर म्हणाले. आतापर्यंत ते खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते.

त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांची कमर दुखायची थांबली. आधी त्यांनी ते नुसतं तोललं. मग खालची कळ दाबली तशी नळी वरच्या बाजूला उघडली आणि पाच घरांची चक्री अलगद त्यांच्या तळहातावर आली. आमच्यातला कुणीही ते कधी असं उघडलेलं पाहिलं नव्हतं. रायभानरावांनीही नसावं, कारण ते घाबरून म्हणाले, "मोडलं का?"

बन्सीधरांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. चक्रीचं एकेक घर उन्हाकडं धरून त्यातून पाहिलं. नळीत बोटाचं नख धरून त्यावरचा उजेड पाहिला. घोड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. मुठीच्या लाकडी फळ्यांची फट पाहिली. हे सगळं करायला त्यांनी इतका वेळ घेतला, की शिपायांनी बिड्या ओढून संपवल्या.

"नाक वाकडं न्हाई," शेवटी ते म्हणाले. "ह्या जातीचं नाक असंच असतंय. ह्याच्या काडतुसाचा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, मधी न्हाई. म्हणून घोडा काठावर मारतो. अमेरिकेचा माल हाय, साहेब, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा. पुढं मधल्या मसाल्याची काडतुसं निघाली आन ही जात मागं पडली. आता ह्याचं काडतूस बाजारात शोधून घावायचं न्हाई."

फौजदारानं विचारलं, की किंमत काय लिहू.

"ते दोन गोष्टींवर हाय. हैदराबादेत असल्या जुन्या चिजांचे शौकीन हायत. उडवलेलं पिस्तूल असलं तर चाळीस देतील, मेहेरबानीनं पन्नास. पन कोरं असलं, एकबी बार न उडवलेलं, तर तीनशे. डोळे झाकून."

तीनशे म्हटल्यावर चावडीत एक हलकी हालचाल झाली. वीस एकरांच्या मानानं ते फार नव्हते, पण हे पैसे खरे होते.

"मग हे कसलं आहे?"

बन्सीधरांनी चक्री फौजदारापुढं धरली. बार उडाला, की घराच्या तोंडाला काळी कडी बसते, ती राखेनं घासा, चिंचेनं घासा, जात नाही, असं त्यांनी समजावलं. मग एकेक घर दाखवलं. पाचही घरं लग्नातल्या ताटासारखी लखलखत होती.

"कोरं हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असं कौतुक होतं, की जणू रायभानरावांचा सत्कारच चाललाय. "साहेब, आपल्या ह्या सबंद दौऱ्यात एवढी पाक चीज म्या बघितली न्हाई. ह्यातून आजपत्तुर एकबी गोळी सुटलेली न्हाई."

आमच्यातल्या प्रत्येकाला बिबट्याच्या तोंडातून आत गेलेली गोळी आठवत होती आणि कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. चंद्रभानराव तेवढे छताकडं पाहत होते. ते हसत नव्हते. हसू येऊ नये म्हणून ते छताकडं पाहत होते.

कधी उडालेलं नाही आणि काडतूसही मिळत नाही, म्हणजे खेळणंच, असं म्हणत फौजदार लेखणी बुडवून तयार झाला. रायभानरावांनी आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर घरी गेले असते, पिस्तूल मिळालं असतं, तीनशेचं. आयुष्यात त्यांच्या वस्तूची खरी किंमत पहिल्यांदा कुणी केली होती आणि ती घ्यायची, तर पंधरा दिवसांनी चंद्रभानरावांची जोडी पुढं जाताना बघत उभं राहायचं होतं.

"लिहू नगा," ते म्हणाले. "बिबट्या म्या मारलाय. ह्याच पिस्तुलानं मारलाय."

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला जेवायला वालूरला पोचायचं होतं. त्यानं हळू आवाजात परत समजावून सांगितलं, की तुम्ही हे म्हणालात तर हे हत्यार ठरतं आणि मला तुम्हाला न्यावं लागतं. समजतंय ना?

"समजतंय."

"मग चालतं?"

"चालतं."

"मारताना कुणी पाहिलं?"

बारा वर्षं ही गोष्ट सांगताना ह्या जागी जे नाव यायचं, तेच सवयीनं रायभानरावांच्या तोंडून बाहेर पडलं. "येडब्यानं."

येडबा गर्दीच्या कडेला घोंगडी पांघरून उभा होता. शेजारी त्याची बायको कासाबाई. फौजदारानं त्याला पुढं बोलावलं आणि विचारलं, की पाहिलंस का.

येडब्यानं रायभानरावांकडं पाहिलं. "व्हय मालक," तो म्हणाला. फौजदाराला त्यानं मालक म्हटलं, की रायभानरावांना, ते कळलं नाही.

तर मग, फौजदार म्हणाला, दवंडीनंतर दोन वर्षं चालू हत्याराची माहिती तूही लपवलीस. बार उडाला तर तुम्ही दोघं चला. त्यानं शिपायाला जीपमधली मागची जागा मोकळी करायला सांगितलं. मग काडतूस मागवलं.

नर्मदाबाईंनी बैलाच्या गळ्यातला पट्टा आणला आणि सगळ्यांदेखत तार सोडली. दर पोळ्याच्या खांदमळणीला बैलाच्या मानेबरोबर यालाही तेल-हळद लागलीय, एवढंच त्या म्हणाल्या. काडतूस पिवळंधमक झालं होतं. बन्सीधरांनी ते धोतराच्या सोग्याला पुसलं, नाकाजवळ नेलं, कानाजवळ हलवलं. विचारलं तर म्हणाले, "मेलंबी असंल, जितंबी असंल. ह्याचं कुनी सांगू शकत न्हाई. ते फक्त घोड्याला कळतं." घरात घालून पाहिलं तर बरोबर बसलं.

चावडीच्या भिंतीला सरकीचं पोतं उभं केलं. माणसं मागं सरली. फौजदारानं पिस्तूल रायभानरावांच्या हातात दिलं. बिबट्या तुम्ही मारलाय, तेव्हा उडवा तुम्हीच.

त्यांनी ते ज्या तऱ्हेनं धरलं, त्यावरून आमच्यातल्या लहान पोरांनाही कळलं असतं. पाण्याचा गच्च भरलेला तांब्या धरतात तसं, दोन्ही हातांनी. घोडा ओढताना अंगठा दोनदा निसटला. बन्सीधरांनी तोंड फिरवलं. तीनशेचे चाळीस होताना त्यांना बघवेना.

रायभानरावांनी डोळे मिटले आणि चाप ओढला.

खट्‌ असा आवाज झाला. पोतं होतं तसंच उभं होतं.

फौजदारानं घाईघाईनं दौत उघडली आणि लिहू लागला, की पंचांसमक्ष चाप ओढला असता बार उडाला नाही. चंद्रभानरावांना आता छताची गरज उरली नव्हती. त्यांनी शेजारच्या पंचाला विचारलं, की यंदा झुली सेलूहून आणाव्यात का मानवतहून. मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

ते रायभानरावांनी ऐकलं. "बन्सीधरभाऊ," ते म्हणाले, "काडतूस एका वक्ताला न्हाई उडलं, तर मेलं म्हनायचं का?"

बन्सीधर खोटं बोलू शकले असते. पण चाळीस वर्षं ज्या कामात घालवली त्याबद्दल त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी नाइलाजानं सांगितलं, की न्हाई, तसं म्हणता येत नाही. काठातला मसाला सगळीकडं सारखा नसतो. घोडा रिकाम्या जागी बसला तर उडत नाही. "फिरवून घातलं तर नाक दुसऱ्या जागी बसतंय. मग उडू शकतं."

"फिरवा."

"मालक, कशाला..."

"फिरवा म्हनलं की."

फौजदाराची लेखणी थांबली. बन्सीधरांनी काडतूस काढलं, त्याच्या काठावरची खूण पाहिली, अर्धा वळसा देऊन परत घातलं आणि पिस्तूल दिलं. आता मात्र माणसं आणखी मागं सरली. कारण सगळ्यांनाच वाटत होतं, की ह्या खेपेला उडणार. का वाटत होतं ते सांगता येत नाही. रायभानरावांनाही तेच वाटत असणार, कारण ह्या वेळी त्यांचा अंगठा निसटला नाही. घोडा पुरता मागं गेला आणि अडकला.

तेवढ्यात येडब्याचा आवाज आला. तो हळूच बोलत होता, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. त्यानं घोंगडी काढून कासाबाईच्या खांद्यावर ठेवली होती आणि तिला सांगत होता, "काळ्या मेंढीचे दिस भरलेत. अडली तर शेजारच्या भुजंगाला हाक मार, त्याचा हात हलका हाय. आन कुत्र्याला भाकर घाल, सकाळधरनं उपाशी हाय ते." त्यानं काठी भिंतीला टेकून उभी केली. बाभळीची, बुडाला लोखंडी कडी बसवलेली. कडी एका बाजूला चेपलेली होती. ती बारा वर्षांपूर्वी चेपली होती. मग तो जाऊन जीपशेजारी उभा राहिला, म्हणजे ऐन वेळी कुणाचा खोळंबा नको.

रायभानराव त्या काठीकडं पाहत राहिले. पिस्तूल पोत्याकडं रोखलेलं, घोडा चढलेला. उन्हाची तिरीप पोत्याच्या ह्या कडेवरून त्या कडेवर गेली असं वाटलं.

"बन्सीधरभाऊ," ते म्हणाले, "हे उतरायचं कसं?"

बन्सीधरांनी मागून येऊन, त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून, घोडा अंगठ्यानं अलगद खाली घेतला आणि पिस्तूल काढून घेतलं.

"साहेब," रायभानराव म्हणाले, "बिबट्या म्या न्हाई मारला. म्या पिस्तूल रोखलं होतं. चाप ओढायचं सुचलंच न्हाई. जनावर माज्या अंगावर आलं आन ह्यानं मधी पडून काठी घातली. तीन काठ्या. त्याला कायबी म्हाईत न्हाई पिस्तुलाचं. त्याला सोडा."

फौजदार येडब्याकडं वळला. "खरं आहे?"

येडबा गोंधळला. बारा वर्षांत त्याला पहिल्यांदाच दुसरं उत्तर द्यायची वेळ आली होती. त्यानं रायभानरावांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. "व्हय मालक," तो म्हणाला.

फौजदारानं कागद पुरा केला. एकदा चाप ओढला, उडालं नाही, हे पंचांनी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा ओढलाच नव्हता, आणि जे घडलं नाही ते लिहायला कागदात जागा नव्हती. खेळणे, नग एक. चार अंगठे उमटले आणि चंद्रभानरावांची सही. किमतीच्या रकान्यापाशी बन्सीधर म्हणाले, "तीनशे." फौजदार म्हणाला, तीनशेचं खेळणं लिहिलं तर वरून माझीच चौकशी लागेल. त्यानं आठ आणे लिहिले. बन्सीधरांनी सही केली, पण ती लेखणी त्यांनी नंतर धोतराला पुसली.

जीप गेली. मग खरी पंचाईत झाली.

चंद्रभानराव उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की झालं ते झालं, मनात काही नाही, मान आमचा आम्हाला परत. रायभानराव मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात चावडीच्या पायरीवरून नर्मदाबाई म्हणाल्या, "बिबट्या मारील त्याची जोडी, असा गावाचा सबूद होता. तुमी कुठं मारलाय?"

सगळ्यांच्या नजरा येडब्याकडं गेल्या. तो काठी घेऊन निघालाच होता. त्याला थांबवून सांगितलं, तर तो म्हणाला, "मी काय करू तोरनाचं? माज्याकडं बैल कुठं हायत?" आणि हीच गोष्ट त्यानं बारा वर्षांपूर्वी त्या पहाटे रायभानरावांना सांगितली होती, असं नंतर कळलं. त्या वेळी रायभानरावांना ती फार पटली होती.

"मग जे हाय ते आन," नर्मदाबाई म्हणाल्या.

चंद्रभानरावांनी शास्त्र काढलं. पोळ्याच्या तोरणाखालून मेंढरू नेऊ नये, असं शास्त्रात आहे म्हणाले. शोधलं तर तसं काही निघालं नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांना ही वेळ येईल असं वाटलं नसावं.

पोळ्याला कासाबाईनं घोंगडीची झूल शिवली. येडब्याचा एडका, म्हणजे टकरीचा मेंढा, आमच्या भागात प्रसिद्ध होता. त्यानं आजवर दोन दारं, एक पाटा आणि एक तलाठी पाडला होता. शिंगांना तांबडा हिंगूळ लावून तो वेशीत आणला, तेव्हा नर्मदाबाई पुढं झाल्या आणि त्याच्या गळ्यात तार बांधली. तारेत ते काडतूस होतं.

ती बांधली गेल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की ते काडतूस एका बाजूनंच तपासलं होतं. दुसरी बाजू जिती असली तर एडक्याच्या एका टकरीनं उडेल की काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. बघता बघता आमचं सबंध गाव, बैलांसकट, वीस पावलं मागं गेलं. चंद्रभानराव पंचवीस. आमच्या पोळ्याची मिरवणूक इतकी शिस्तीत पुन्हा कधी निघाली नाही.

एडका तोरणापर्यंत आला आणि थांबला. त्याला तोरणाचा खांब दिसला. त्यानं दोन पावलं मागं घेतली आणि मान खाली घातली. येडबा मागच्या बाजूला होता, त्याला पुढं पोचायला वेळ लागला असता. वाजंत्री थांबली.

तेव्हा गर्दीतून रायभानराव निघाले. पळाले नाहीत. चालत गेले, खांबाच्या आणि एडक्याच्या मधोमध उभे राहिले आणि वाकून त्यांनी त्याची दोन्ही शिंगं धरली. काडतूस त्यांच्या पोटापासून वीतभर लोंबत होतं. एडक्यानं एकदा जोर करून पाहिला. रायभानरावांचे पाय मातीत सरकले, पण हात सुटले नाहीत. येडबा आला. दोघांनी मिळून त्याला तोरणाखालून पलीकडं नेला.

त्यानंतर बन्सीधर दोन-तीन वर्षांनी एकदा परभणीहून यायचे, पिस्तूल उघडून पाचही घरं उन्हाला धरायचे आणि समाधानानं मिटायचे. रायभानराव त्यांना चहा द्यायचे. गिऱ्हाईक आणू का, असं ते विचारायचे, तेव्हा रायभानराव किंमत विचारायचे. बन्सीधर तीनशे म्हणायचे, आणि रायभानराव म्हणायचे, कागदावर तर आठ आणेच आहेत.